कानाशी धरलेला ट्रान्समीटर

प्रस्तावना

गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू द्यायचा की नाही, यावरून मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांच्या सभा रात्री उशिरापर्यंत चालल्या आहेत. भाड्याच्या पैशातून इमारतीची डागडुजी होईल असे म्हणणारे एका बाजूला, आणि घरात लहान मूल असलेली, टॉवरच्या लगेच खालच्या मजल्यावरची कुटुंबे दुसऱ्या बाजूला. दोघांचेही म्हणणे मनापासूनचे असते. पण रेडिओ लहरींची जी मात्रा आपल्या शरीरात शिरते तिचा मोठा वाटा नेमका कुठून येतो, हा पहिला प्रश्न त्या सभेत क्वचितच विचारला जातो.

त्याचे उत्तर अंकगणिताने मिळते. समजा, टॉवरवरच्या एका अँटेनाला २० वॉट शक्ती पुरवली आहे आणि ती अँटेना ही शक्ती एका झोतात ५० पटींनी एकवटते आहे. झोताच्या ऐन दिशेत, १०० मीटर अंतरावर, एका चौरस मीटरवर पडणारी शक्ती भरते सुमारे ८ मिलिवॉट. तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या सबंध अंगावर मिळून चार-पाच मिलिवॉट. एका टॉवरवर अशा बऱ्याच अँटेना असतात, म्हणून हा आकडा दहापट धरला, तरी ती शक्ती डोक्यापासून पायापर्यंत विखुरलेली असते. आता हातातला फोन घ्या. फोर-जीचा हँडसेट जास्तीत जास्त २०० मिलिवॉट शक्तीने प्रक्षेपण करतो. तो कानाला टेकलेला असेल, तर त्यातला बराच वाटा डोके आणि हात शोषून घेतात, आणि डोक्याच्या वाट्याला आलेली शक्ती कानाभोवतीच्या मूठभर भागातच जिरते.

यात आणखी एक पेच आहे. फोन सदासर्वकाळ पूर्ण शक्तीने बोलत नसतो. ‘तुझा आवाज नीट पोहोचतो आहे, शक्ती कमी कर’ किंवा ‘पोहोचत नाही, वाढव’ अशा सूचना टॉवर त्याला सतत देत असतो; थ्री-जीच्या यंत्रणेत तर सेकंदाला १५०० वेळा. रेंज चांगली असेल तर फोन आपल्या कमाल शक्तीच्या शेकडो पटींनी खाली उतरतो. टॉवर दूर असेल, मध्ये डोंगर किंवा काँक्रीट असेल, तर तो सगळा जोर लावतो. कोकण रेल्वेच्या दोन बोगद्यांमधल्या पट्ट्यात फोनवर एखादीच दांडी दिसते, तेव्हा चाललेले संभाषण आणि टॉवरसमोरच्या घरातले संभाषण यांत डोक्याला मिळणारी मात्रा सारखी नसते. बोगद्यात रेंज पूर्णच गेली की फोन मुख्यतः नुसता ऐकत राहतो. म्हणजे वस्तीतला टॉवर आंदोलन करून हटवला, तर त्या वस्तीतल्या प्रत्येक फोनला दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो. ज्या मुलांसाठी पालकांनी सभा गाजवली, त्या मुलांच्या कानाशी असलेली मात्रा कमी होण्याऐवजी वाढते.

टॉवरची धास्ती आणि फोनची बेफिकिरी या दोन्हींचे मूळ एकच आहे: मात्रेचा, अंतराचा आणि वेळेचा हिशोब न करणे. तो हिशोब मराठी वाचकाच्या हाती द्यावा, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

विषयाच्या तळाशी असलेले भौतिकशास्त्र अवघड नाही. मोबाइलच्या लहरी साधारण ७०० मेगाहर्ट्झपासून साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत असतात. फाइव्ह-जीसाठी त्यात २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची भर पडली. क्ष-किरण आणि या लहरी एकाच कुळातल्या, पण १ गिगाहर्ट्झच्या लहरीतल्या एका फोटॉनची ऊर्जा आणि रेणूतून इलेक्ट्रॉन उखडायला लागणारी ऊर्जा यांत वीस लाखांहून अधिक पटींचे अंतर आहे. त्यामुळे क्ष-किरण ज्या वाटेने पेशीतला डीएनए थेट तोडतात, ती वाट या लहरींना बंद आहे. त्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि ऊतींना तापवतात. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. तापवण्याइतकी शक्ती नसताना या लहरी शरीरात आणखी काही करतात का, या प्रश्नावर गेली सत्तर वर्षे दोन घराणी समोरासमोर उभी आहेत.

या घराण्यांचा जन्म मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दारसोन्वाल उच्च वारंवारतेचे प्रवाह माणसाच्या शरीरातून नेऊन त्यांचे परिणाम तपासत होता आणि त्यातून पुढे दुखऱ्या सांध्यांना शेक देण्याची डायथर्मी आली. त्याच सुमारास, १८९५ साली, जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतींपार पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली. त्यांनी ज्या मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केले, त्याच जातीच्या लहरींना आज फाइव्ह-जीच्या नावाने लोक नवे संकट समजतात. दुसऱ्या महायुद्धात रडार आले आणि त्याच्याजवळ काम करणाऱ्या सैनिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पहिल्यांदा गांभीर्याने पुढे आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हर्मन श्वान यांनी १९५३ साली शरीराच्या उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेवरून हिशोब मांडला आणि एका चौरस सेंटिमीटरवर १० मिलिवॉट ही मर्यादा सुचवली. अमेरिकेचे १९६६चे मानक याच आकड्यावर उभे राहिले. सोव्हिएत संघाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस कामगारांसाठी घातलेली मर्यादा याच्या एक हजारांश होती. त्यांचे डॉक्टर रडार कामगारांमधली डोकेदुखी, थकवा आणि झोपेच्या तक्रारी नोंदवत होते. अमेरिकी शास्त्रज्ञांना त्या नोंदींत तुलनेसाठी दुसरा गट दिसत नव्हता, म्हणून ते त्या बाजूला ठेवत.

शीतयुद्धाने या मतभेदाला एक विलक्षण प्रकरण जोडले. मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीवर १९५०च्या दशकापासून सूक्ष्मलहरींचा झोत सोडला जात होता. त्याची तीव्रता अमेरिकेच्या मर्यादेच्या खूपच खाली होती, पण सोव्हिएत मर्यादेच्या आसपास. कर्मचाऱ्यांना हे अधिकृतपणे सांगितले गेले ते थेट १९७६ साली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अब्राहम लिलिएनफेल्ड यांनी त्या कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची तुलना पूर्व युरोपातल्या इतर अमेरिकी वकिलातींशी केली आणि १९७८च्या अहवालात झोतामुळे झालेले नुकसान आढळत नाही असे म्हटले. अहवालापेक्षा लपवाछपवी लोकांच्या जास्त लक्षात राहिली, आणि ते स्वाभाविकही होते. माहिती दडवली की नंतर दिलेली खरी माहितीही संशयास्पद वाटते, हा या विषयातला धडा आजचे नियामकही पुरता शिकलेले नाहीत, असे माझे मत आहे.

उष्णतेच्या पलीकडे काही आहे असे मानणाऱ्या घराण्याला पूर्ण रिकाम्या हाताचे म्हणता येत नाही. अ‍ॅलन फ्रे यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी दाखवले, की रडारसारख्या स्पंदित लहरी माणसाला टकटक आवाजाच्या रूपात ऐकू येतात. हा परिणाम खरा ठरला. पुढे त्याचे स्पष्टीकरणही ऊतींच्या क्षणिक, अत्यल्प तापण्यातच सापडले. १९९५ साली वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री लाय यांना उंदरांच्या मेंदूतल्या डीएनएमध्ये तुटी आढळल्या. इतरांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा सर्वांना तोच निकाल मिळाला नाही. गेल्या पन्नास वर्षांत या घराण्याच्या वाट्याला बऱ्याचदा हेच आले. एका प्रयोगशाळेत दिसलेले दुसरीत टिकत नाही. तरी प्रत्येक वेळी प्रश्न नव्याने मांडला जातो, नवे प्रयोग होतात, आणि त्यातून उष्णतावाद्यांनाही आपले गणित अधिक काटेकोर करावे लागले.

मोबाइलचा वाद सामान्य माणसापर्यंत पोहोचला तो १९९३ साली. अमेरिकेतल्या एका माणसाने दूरचित्रवाणीवर येऊन आपल्या पत्नीच्या मेंदूतील गाठीला तिचा फोन कारणीभूत असल्याचे सांगितले. न्यायालयाने पुराव्याअभावी त्याचा दावा फेटाळला, पण शास्त्रज्ञांना मोठी लोकसंख्या तपासणे भाग पडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली या क्षेत्रांसाठी स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ १३ देशांत ‘इंटरफोन’ हा अभ्यास झाला आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. वाचकाने याच अभ्यासापाशी थोडे थांबावे, कारण एखादा निष्कर्ष कसा वाचावा याचे सगळे शिक्षण त्यात आहे.

‘इंटरफोन’मध्ये ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचे २७०८ रुग्ण होते आणि त्यांच्याशी जुळणारी निरोगी माणसे. नियमित फोन वापरणाऱ्यांमध्ये गाठीचा धोका न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसला. फोनमुळे गाठ टळते असे कोणी म्हणणार नाही. याचा अर्थ तुलनेच्या रचनेतच काही कलले होते. निरोगी माणसांपैकी फोन न वापरणारे अभ्यासात सामील व्हायला कमी तयार होते, हे त्यातले एक कारण. दुसरीकडे, आयुष्यात १६४० तासांहून अधिक बोललेल्या सर्वात वरच्या गटात धोका १.४ पट दिसला. त्याच गटातल्या काहींनी दिवसाला पाच तासांहून जास्त बोलल्याचे सांगितले होते. मेंदूत गाठ असलेल्या माणसाला दहा वर्षांपूर्वीची आपली बोलणी आठवायला सांगितली, की तो कारण शोधत आठवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. एकाच अभ्यासातले हे दोन आकडे उचलून दोन्ही घराण्यांनी आपापल्या बातम्या केल्या. दोघांनीही वाचकाला अर्धेच सांगितले.

स्वीडनमधल्या लेनार्ट हार्डेल यांच्या अभ्यासांत धोका याहून जास्त दिसत राहिला. डेन्मार्कमध्ये आठवणीवर विसंबण्याऐवजी वर्गणीदारांची यादी कर्करोगाच्या राष्ट्रीय नोंदवहीशी ताडून पाहिली, तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक लोकांत वाढ दिसली नाही. हे सगळे समोर ठेवून जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखालील कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ३१ मे २०११ रोजी रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात, म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता नाकारता येत नाही अशा गटात, घातले. हा गट पुराव्याची मजबुती सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा भेद उतरला नाही, आणि आजही ‘जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे’ असे वाक्य सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असते.

त्यानंतरच्या वर्षांत माणसांवरचे अभ्यास बऱ्यापैकी एका दिशेने गेले. दहा ते चोवीस वयाच्या मुलामुलींचा ‘मोबि-किड्स’ हा १४ देशांतला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतही सहभागी होता. त्यात फोनवापराने गाठींचा धोका वाढल्याचे दिसले नाही. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासून हाच निष्कर्ष निघाला. नॉर्डिक देशांच्या नोंदवह्यांत, फोन घरोघरी पोहोचल्यानंतरही, त्याला साजेशी ग्लायोमाची लाट दिसलेली नाही. प्राण्यांचे प्रयोग मात्र वेगळी खूण दाखवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ साली जाहीर केलेल्या प्रयोगात रोज नऊ तास, दोन वर्षे लहरींच्या माऱ्यात ठेवलेल्या नर घुशींच्या हृदयात श्वानोमा जातीच्या घातक गाठी जास्त आढळल्या. त्याच घुशी माऱ्याविना वाढलेल्यांपेक्षा अधिक जगल्याही. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा जो आढावा जागतिक आरोग्य संघटनेसाठी झाला आणि २०२५ साली छापला गेला, त्याने या गाठींबाबतचा पुरावा भक्कम मानला. संपूर्ण शरीरावर नऊ तास मारा आणि कानाशी दहा मिनिटांचे बोलणे यांत फरक आहे, हे खरे. पण तेवढ्यावर हा पुरावा झटकून टाकणे मला पटत नाही. या पुस्तकात तो सविस्तर मांडला आहे.

शोषणाची मात्रा सांगणारा आकडा म्हणजे एसएआर, अर्थात एक किलो ऊतीत किती वॉट शक्ती जिरते. या लहरींसाठी मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेचा हिशोब असा: सबंध शरीरात किलोमागे ४ वॉट जिरले तर तापमान सुमारे एक अंश वाढते; त्याच्या पन्नासावा भाग, ०.०८ वॉट, सामान्य जनतेसाठी. डोक्यासाठी १० ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून २ वॉट. अमेरिकेने १९९६ साली १ ग्रॅमवर १.६ वॉट ही अधिक कडक मर्यादा घेतली, आणि भारतानेही १ सप्टेंबर २०१२पासून तीच स्वीकारली. टॉवरबाबत भारत आणखी पुढे गेला: आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश. या निर्णयामागे २०१०ची आंतर-मंत्रालयीन समिती होती, आणि त्या काळात अँटेना शिकवणारे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार टॉवरच्या विकिरणाविरुद्ध सातत्याने बोलत होते. त्यांचे सगळे निष्कर्ष मी स्वीकारत नाही. पण मुंबईत या विषयावर नागरिकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर आपल्या भागातल्या टॉवरची माहिती बघता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. बहुतेक सोसायट्यांना हे ठाऊक नसते.

फोनचा एसएआर मोजतात तो साखर-मिठाच्या द्रावणाने भरलेल्या एका कृत्रिम डोक्यात. हे डोके अमेरिकी लष्करातल्या भरदार पुरुषांच्या मापावरून घेतले आहे. युटा विद्यापीठाचे ओम गांधी यांनी १९९०च्या दशकातच दाखवून दिले, की मुलांचे कान पातळ, कवटी पातळ, म्हणून त्यांच्या मेंदूच्या काही भागांत शोषण जास्त होते. सबंध डोक्याचा कमाल आकडा त्यामुळे वाढतो का, यावर मतभेद आहेत. विशिष्ट भागांतल्या वाढीवर फारसे नाहीत. फ्रान्सने २०१० साली चौदा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून फोनच्या जाहिराती करायला बंदी घातली. आपल्याकडे नर्सरीतल्या मुलाच्या हाती फोन देऊन घास भरवला जातो. तो फोन कानाशी नसतो, म्हणून लहरींच्या दृष्टीने ही गोष्ट तितकी वाईट नाही, पण हे समजून-उमजून कोणी करत नाही.

छापील एसएआर प्रत्यक्षात पाळला जातो का, तेही तपासावे लागते. फ्रान्सच्या नियामकाने २०२३ साली बाजारातला आयफोन १२ हाताशी धरल्यासारखा मोजला, तेव्हा ४च्या मर्यादेऐवजी ५.७४ वॉट आले. विक्री थांबली आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावे लागले. भारतात आपल्या फोनचा आकडा बघायला स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश एवढे दाबले की पुरते. मात्र दोन फोनमध्ये १.१चा फोन ०.९च्या फोनपेक्षा घातक, असे समजू नये. हा आकडा कमाल शक्तीचा असतो; रोजची मात्रा ठरते ती रेंजवर आणि सवयींवर.

भीतीचा बाजारही या विषयाचा भाग आहे. फोनच्या पाठीला चिकटवायचे ‘रेडिएशनरोधक’ स्टिकर, गळ्यातली लॉकेटे, २०२० साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाने पुढे आणलेली शेणाची चिप. त्या चिपच्या मोजणीचे पुरावे शास्त्रज्ञांनी जाहीरपणे मागितले होते. स्टिकर खरोखर लहर अडवत असेल तर फोन अधिक शक्ती लावेल. अडवत नसेल तर पैसे वाया. महामारीत फाइव्ह-जीच्या अफवांनी ब्रिटनमध्ये टॉवर जाळले गेले आणि मे २०२१मध्ये आपल्या दूरसंचार विभागालाही खुलासा करावा लागला, तेव्हा भारतात फाइव्ह-जीची सेवा सुरूसुद्धा झालेली नव्हती. २६ गिगाहर्ट्झच्या लहरी त्वचेत जेमतेम एक मिलिमीटर शिरतात. त्यांच्यावरचे संशोधन मात्र अजून तोकडे आहे आणि ते वाढायला हवे.

जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपणाऱ्या त्या तबकड्यांना आसपासचा एक मोबाइलही उपद्रव ठरतो. लहर यंत्राला सापडते म्हणजे ती शरीराला बाधतेच असे नाही; किती सापडते, हे मोजावे लागते. या पुस्तकात मोजमापाला एवढी जागा का दिली आहे, ते खोडदला जाऊन आल्यावर कोणालाही कळेल.

हे पुस्तक डॉक्टर, शिक्षक, सोसायटीचे सचिव आणि पालक यांच्यासाठी आहे. त्यात समीकरणे थोडी आहेत आणि आकडे पुष्कळ. अभ्यास कसा वाचायचा हे दाखवताना मी दोन्ही घराण्यांचे मूळ निबंध शेजारी शेजारी ठेवले आहेत. व्यवहाराच्या सूचना थोड्याच आहेत, कारण त्या थोड्याच आहेत: लांब बोलायचे असेल तर इअरफोन किंवा स्पीकर, रेंज कमी असेल तर बोलणे लांबवू नये, पेसमेकर असलेल्यांनी फोन छातीच्या खिशात न ठेवता १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. मोबाइलचे व्यसन, झोप, डोळे हे विषय मी घेतलेले नाहीत. गाडी चालवताना फोनवर बोलण्याचा धोका लहरींचा नाही, तरी त्यावर एक स्वतंत्र टिपण घातले आहे, कारण मोबाइलमुळे निश्चितपणे जीव जातात ते रस्त्यावर, आणि टॉवरविरुद्ध सभा घेणाऱ्या वस्तीनेही तो प्रश्न कधीतरी विषयपत्रिकेवर घ्यावा असे मला कळकळीने वाटते.

कर्करोग संशोधन संस्थेच्या सल्लागारांनी रेडिओ लहरींचे वर्गीकरण पुन्हा तपासण्याला २०२५ ते २०२९ या काळात अग्रक्रम द्यावा असे सुचवले आहे. तो निकाल कोणत्याही बाजूला गेला, तरी प्राण्यांच्या प्रयोगांवरचे आणि वर्गीकरणावरचे प्रकरण मला नव्याने लिहावे लागेल. वाचकांनी आपल्या वस्तीतल्या मोजणीचे अहवाल प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवले, तर पुढच्या आवृत्तीत महाराष्ट्रातले आकडेही देता येतील.